कोथिंबिरीच्या जुडीपायी शंभर पौंड

प्रश्न : पत्रलेखक चाळिशीतले असून गेली साडेचार वर्षे नोकरीनिमित्त इंग्लंडच्या मिडलँड्स भागात राहतात. त्यांच्या ७४ वर्षांच्या आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडे आल्या आहेत. आईंचे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत आणि वॉकरशिवाय त्यांना चार पावले टाकता येत नाहीत. एका शनिवारी संध्याकाळी देवळातून परतताना पत्रलेखक सुपरमार्केटपाशी थांबले. वाहनतळ भरलेला होता, दाराजवळची दिव्यांगांसाठी राखीव असलेली जागा तेवढी रिकामी होती. तिथे गाडी लावून, ‘आईला गाडीतच बसवून, पाच मिनिटांत दूध आणि कोथिंबीर घेऊन’ ते परतले. अकराव्या दिवशी एका खासगी पार्किंग कंपनीची नोटीस छायाचित्रांसह टपालाने घरी आली. शंभर पौंड भरा, चौदा दिवसांत भरल्यास साठ. मित्रांच्या व्हॉट्सॲप गटाचे म्हणणे असे की खासगी कंपनीला दंड करण्याचा अधिकारच नाही, पत्र कचऱ्यात टाक. पत्नी म्हणते, भरा आणि मोकळे व्हा. मेहुणे म्हणतात, आईच्या गुडघ्यांचे कारण देऊन अपील कर, हमखास जिंकशील. पुढच्या वर्षी कायमच्या वास्तव्यासाठी, म्हणजे आयएलआरसाठी, अर्ज करायचा असल्यामुळे पत्रलेखकांना धास्ती वाटते. त्याच जागेत एक धडधाकट तरुण ब्लू बॅज, म्हणजे दिव्यांगांना मिळणारा पार्किंगचा परवाना, लावून गाडी उभी करतो आणि ताडताड चालत जातो, त्याला कोणी विचारत नाही. जिला खरोखर चालता येत नाही तिच्या मुलाला मात्र दंड, हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल आहे. आई तेव्हापासून ‘माझ्यामुळे तुला भुर्दंड’ असे म्हणत बसल्या आहेत.

उत्तर : तुमच्या मूळ पत्रात ‘दंड’ हा शब्द सात वेळा आला आहे, आणि तुमचा निम्मा गोंधळ त्या शब्दानेच केला आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

ब्रिटनमध्ये ‘पीसीएन’ या एकाच आद्याक्षरी नावाने दोन अगदी वेगळे कागद घरी येतात. कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, रस्त्यावर किंवा आपल्या वाहनतळात जी देते ती पेनल्टी चार्ज नोटीस. तिच्यामागे कायद्याने दिलेला दंडाचा अधिकार असतो. तुम्हाला आली आहे ती पार्किंग चार्ज नोटीस. सुपरमार्केटचा वाहनतळ ही खासगी जमीन आहे आणि तिच्या प्रवेशाशी लावलेली पाटी हा, कायद्याच्या नजरेने, एका कराराचा मसुदा आहे. पाटी वाचून, किंवा वाचायची संधी असूनही न वाचता, तुम्ही गाडी आत लावलीत म्हणजे अटी मान्य केल्यात, आणि अट मोडलीत म्हणून कंपनीने तुमच्या नावाने रक्कम मागितली, असा हा व्यवहार आहे. तेव्हा तुमचा व्हॉट्सॲप गट अर्धा बरोबर आहे : हा दंड नव्हे. मात्र त्यापुढे त्यांनी जी उडी मारली, की दंड नव्हे म्हणून देणेही लागत नाही, ती चुकीची आहे आणि ती चूक २०१५ पासून महागात पडू शकते.

त्याआधी एप्रिल २०१३ मध्ये चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमध्ये बॅरी बीव्हिस नावाच्या गृहस्थांनी दोन तासांची मोफत मुदत संपल्यावरही ५६ मिनिटे गाडी ठेवली होती. कंपनीने ८५ पौंड मागितले. बीव्हिस यांचे म्हणणे असे की तासाभराच्या उशिराने कंपनीचे दमडीचेही नुकसान झालेले नाही, तेव्हा ही रक्कम म्हणजे बेकायदा शिक्षा आहे. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ४ नोव्हेंबर २०१५ रोजी बीव्हिस हरले. वाहनतळातल्या जागा फिरत्या राहाव्यात यात जमीनमालकाचे रास्त हित आहे, पाट्या ठळक होत्या आणि रक्कम अवाच्या सवा नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. ‘खासगी कंपन्यांना भीक घालू नका’ हा सल्ला त्या निकालाच्या आधीच्या काळातला आहे. तो अजून फिरतो आहे, कारण फुकटचे सल्ले कधी शिळे होत नाहीत.

नोटीस तुमच्या घरचा पत्ता शोधत कशी आली, हेही तुम्ही विचारले आहे. २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जमिनीवर गाडीच्या चाकाला कुलूप ठोकण्यास बंदी घातली आणि त्याच्या बदल्यात कंपन्यांना दुसरा हक्क दिला : गाडी कोण चालवत होते हे कळले नाही, तर ठरावीक अटी पाळून नोंदणीकृत धारकाकडून रक्कम मागण्याचा. मान्यताप्राप्त व्यावसायिक संघटनेचे सदस्य असलेल्या कंपनीला डीव्हीएलए, म्हणजे गाड्यांची नोंदणी ठेवणारे सरकारी खाते, अडीच पौंड घेऊन धारकाचे नाव-पत्ता देते. अटींपैकी एक अशी की काचेवर तिकीट न लावता थेट टपालाने नोटीस पाठवली असेल, तर ती गाडी लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून चौदा दिवसांत तुमच्या हाती पडायला हवी; उशीर झाला तर धारकावरची जबाबदारी उरत नाही. तुमची अकराव्या दिवशी आली, म्हणजे ही वाट तुमच्यासाठी बंद आहे. इतर वाचकांनी मात्र लिफाफा फोडल्याबरोबर रकमेआधी तारखा पाहाव्यात.

आता दुर्लक्ष केल्यास काय होते ते पाहू. आधी स्मरणपत्रे येतील, मग वसुली कंपनीची लाल अक्षरांतली पत्रे, आणि त्यांत मूळ शंभरावर बहुधा आणखी सत्तर पौंड चढलेले असतील. ही वसुली कंपनी म्हणजे बेलिफ, न्यायालयाचा जप्ती करणारा अधिकारी, नव्हे. दारात येऊन टीव्ही उचलून नेण्याचा तिला काडीचाही अधिकार नाही, तेव्हा त्या पत्रांना घाबरायचे कारण नाही. घाबरायचे, किंवा निदान जागे व्हायचे, ते ‘लेटर बिफोर क्लेम’, म्हणजे दावा लावण्याआधीची सूचना, आल्यावर. त्याला उत्तर द्यायला तीस दिवस मिळतात. त्यानंतर काउंटी कोर्टाचा दाव्याचा कागद आला आणि तोही तुम्ही पडून राहू दिलात, तर तुमची बाजू न ऐकताच निकाल लागतो. तो सीसीजे, म्हणजे काउंटी कोर्टाचा निकाल, महिन्याभरात पैसे भरले तर नोंदीतून निघतो, नाही तर सहा वर्षे राहतो आणि घराच्या कर्जापासून मोबाइलच्या करारापर्यंत आडवा येतो. आपल्या लोकांच्या बाबतीत यात एक खास मेख आहे. भाड्याची घरे वर्षा-दोन वर्षांनी बदलतात, पण गाडीच्या लॉगबुकवरचा पत्ता बदलायचा राहून जातो. सगळे कागद जुन्या घरी जातात, आणि पहिली बातमी कळते ती बँकेने कर्ज नाकारल्यावर.

तुमच्या आयएलआरच्या धास्तीचे उत्तरही यातच आहे. खासगी पार्किंगची नोटीस हा गुन्हा नाही, शिक्षा नाही, पोलिसांशी तिचा संबंध नाही. ती आली म्हणून अर्जाचे काही बिघडत नाही. त्या अर्जात विचारणा होते ती गुन्हे, वाहतुकीच्या गुन्ह्यांचे दंड अशा गोष्टींबरोबरच न फेडलेल्या देण्यावरून तुमच्याविरुद्ध लागलेल्या दिवाणी निकालाचीही. म्हणजे नोटीस निरुपद्रवी आहे, तिच्याकडे पाठ फिरवून ओढवून घेतलेला निकाल मात्र तुम्हाला अर्जात लिहावा लागेल. साठ किंवा शंभर पौंडांच्या प्रकरणाला त्या टोकापर्यंत जाऊ देणे तुमच्यासारख्या माणसाला परवडणारे नाही. व्हॉट्सॲप गटातल्या ज्या मित्राने पत्र कचऱ्यात टाकायला सांगितले, त्याचा अर्ज बहुधा केव्हाच मंजूर झालेला असेल.

आता मेहुण्यांच्या सल्ल्याकडे वळू. हा सल्ला चटकन झटकून टाकण्यासारखा नाही, कारण त्याचा निम्मा भाग खरा आहे आणि तो फारशा लोकांना ठाऊक नसतो. २०१० च्या इक्वॅलिटी कायद्यानुसार, रोजचे व्यवहार करण्याची क्षमता लक्षणीय आणि दीर्घकाळ, म्हणजे साधारण वर्षभर किंवा अधिक, घटवणारी शारीरिक किंवा मानसिक अवस्था असलेली व्यक्ती दिव्यांग ठरते. त्यासाठी ब्लू बॅज असलाच पाहिजे, असे तो कायदा म्हणत नाही. आणि सेवा देणाऱ्याने अशा व्यक्तीसाठी वाजवी सोय करून देणे हे त्याचे कर्तव्य आहे. वॉकरशिवाय चार पावले न टाकता येणाऱ्या तुमच्या आई या व्याख्येत बसण्यासारख्या आहेत. त्या गाडीतून उतरून दुकानात गेल्या असत्या, तर मी तुम्हाला आजच अपील लिहायला बसवले असते : कंपनीकडे अठ्ठावीस दिवसांच्या आत, सोबत डॉक्टरांचे पत्र, भारतातले अपंगत्व प्रमाणपत्र असल्यास तेही, आणि खरेदीची पावती. ज्या वाचकांच्या बाबतीत असे घडले असेल त्यांनी हे जरूर करावे आणि कंपनीने नकार दिला तरी तिथे थांबू नये. कंपनी ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची सदस्य असेल तर पोपला नावाच्या यंत्रणेकडे, इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटीची असेल तर आयएएसकडे पुढचे अपील जाते. पोपलाकडे मोटारचालकाला शुल्क पडत नाही आणि त्याचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही.

पण तुमच्या आई उतरल्या नव्हत्या. तुमच्याच पत्रातले ते वाक्य मी वर अवतरणात मुद्दाम जसेच्या तसे ठेवले आहे, कारण तुम्ही ते अगदी सहज, जणू ‘जागा तिच्यासाठीच घेतली’ याचा पुरावा म्हणून लिहिले आहे, आणि सगळी अडचण नेमकी तिथेच आहे. त्या पाच मिनिटांत ती जागा वापरली ती तुम्ही, आणि तुमचे गुडघे ठणठणीत आहेत. आईंकडे ब्लू बॅज असता तरीसुद्धा हे नियमात बसले नसते. इंग्लंडमध्ये बॅजबरोबर जी हक्क आणि जबाबदाऱ्यांची पुस्तिका मिळते, तीच सांगते की बॅजधारकाने स्वतः गाडीत बसून राहून इतरांना त्या सवलतीचा फायदा घेऊ देऊ नये. म्हणून मेहुण्यांचा सल्ला मानू नका, असे मी म्हणेन. ‘आईला चालता येत नाही’ हे वाक्य खरे आहे, पण या अपिलात ते लिहिले तर वाचणाऱ्याला त्या उतरल्या होत्या असे वाटावे म्हणूनच लिहिलेले असेल. शिवाय कंपनीने छायाचित्रे काढली आहेत. पुढच्या सीटवर बसलेल्या आई त्यांत दिसत आहेत का, ते एकदा पाहा.

ही राखीव जागा नेमकी कशासाठी असते, याचा आपण फारसा विचार केलेला नसतो. ‘दाराजवळची, म्हणजे कमी चालावे लागणारी जागा’ इतकेच आपल्या मनात असते. पुढच्या वेळी तिच्या कडेला असलेल्या तिरक्या पट्ट्यांकडे पाहा. साधी जागा २.४ मीटर रुंद आणि ४.८ मीटर लांब असते; राखीव जागेला बाजूने आणि मागून १.२ मीटरची ती पट्ट्यांची मोकळी पट्टी जास्तीची मिळते. ती असते दार पूर्ण उघडण्यासाठी आणि शेजारी चाकांची खुर्ची लावून तीत सरकण्यासाठी. मागच्या हिवाळ्यात माझ्या गावच्या सुपरमार्केटबाहेर मी एका गृहस्थांना पाहिले. चाकांच्या खुर्चीत बसून, मांडीवर दोन पिशव्या घेऊन ते आपल्याच व्हॅनसमोर थांबले होते. व्हॅन योग्य जागेत उभी होती, पण मधल्या पट्ट्यांवर कोणीतरी छोटी गाडी घुसवून ठेवल्यामुळे त्यांच्या व्हॅनचा रॅम्प उघडता येत नव्हता. दुकानातून गाडीचा नंबर तीनदा पुकारला गेला. चौथ्यांदा पुकारायच्या आधी एक तरुण बाई धावत आली, ‘दोनच मिनिटांसाठी गेले होते’ म्हणाली आणि निघून गेली. ती खोटे बोलत होती असे मला वाटत नाही. तिच्या घड्याळात दोनच मिनिटे झाली असतील; पिशवीतल्या गोठवलेल्या मटारच्या पाकिटाला एव्हाना पाणी सुटले होते.

‘जागा रिकामी होती’ हा तुमचा दुसरा मुद्दाही मला यासाठीच पटत नाही. रिकामी असणे हेच त्या जागेचे काम आहे. भरलेल्या वाहनतळात तुम्ही एक फेरी जास्त मारता आणि लांब गाडी लावून चालत येता. ज्याला चाकांची खुर्ची बाहेर काढायची आहे तो ती जागा भरलेली पाहून घरी परत जातो. तो परत गेलेला तुम्हाला दिसत नाही, म्हणून ‘कोणाचे काय अडले’ असे वाटते.

आणि तो ताडताड चालणारा तरुण? इथे मला थोडे कबूल करायला हवे, की अशाच एका बाईंकडे मीही एकदा डोळे वटारून पाहिले होते, आणि नंतर त्या माझ्या ओळखीच्या ओळखीतल्या निघाल्या. त्यांना फुप्फुसाचा आजार होता. दुकानात जाताना त्या झपझप जात, कारण श्वास पुरेल तेवढ्यात आत पोहोचायचे असे. परतताना दर दहा पावलांवर थांबत. मी पाहिली होती ती जातानाची चाल. १९७० च्या कायद्याने, म्हणजे खासदार आल्फ मॉरिस यांनी मांडलेल्या विधेयकातून, ही बॅजची योजना निघाली तेव्हा बॅज नारिंगी होता. पुढे २००० मध्ये तो निळा झाला. ३० ऑगस्ट २०१९ पासून इंग्लंडमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या व्याधींसाठीही, तीव्र मानसिक त्रास किंवा ऑटिझम यांसारख्या कारणांसाठीही, तो मिळू लागला. बॅजवरचा फोटो काचेकडे नव्हे, खालच्या बाजूला असतो, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला बॅज कोणाचा ते कळतच नाही. तो तरुण कदाचित खरोखर आजीचा बॅज वापरत असेल. तसे होतेही, आणि पकडला गेल्यास हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, अगदी खराखुरा, न्यायालयाचा. संशय पक्का असेल तर गाडीचा नंबर आणि वेळ कौन्सिलला कळवा. मात्र तो दोषी ठरला तरी तुमची नोटीस रद्द होणार नाही, एवढे मनाशी धरून ठेवा.

मग करायचे काय? तुमच्या जागी मी असतो तर या क्रमाने गेलो असतो. उद्याच त्या दुकानात जाऊन प्रवेशाची पाटी आणि त्या जागेवरची खूण यांची छायाचित्रे काढली असती. खूण पुसट झालेली असेल, पाटी झाडामागे दडलेली असेल किंवा संध्याकाळच्या अंधारात वाचताच येत नसेल, तर तो अपिलाचा प्रामाणिक मुद्दा आहे, आणि बीव्हिस निकालही ठळक पाट्यांच्याच पायावर उभा आहे. पाटी आणि खूण स्वच्छ दिसत असतील तर दुकानाच्या व्यवस्थापकाला, पार्किंग कंपनीला नव्हे, एक छोटे पत्र लिहिले असते : पावतीची प्रत, घडले ते जसेच्या तसे, चूक मान्य, पहिलीच वेळ, रद्द करता येईल का. जमीन त्यांची किंवा त्यांनी घेतलेली असते आणि त्यांनी सांगितले तर कंपनी नोटीस मागे घेते. राखीव जागेच्या बाबतीत ते बहुधा नाही म्हणतील, आणि म्हटले तर त्यांचे चुकणार नाही. याचे उत्तर येवो न येवो, चौदा दिवस संपायच्या आत साठ पौंड भरून पावती जपून ठेवली असती. भरताना नोटिशीवरचा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा. मोबाइलवर आलेल्या संदेशातल्या दुव्यावरून भरू नका, पार्किंगच्या नावाने फसवणारे संदेश सध्या पुष्कळ फिरत आहेत. पत्नी सुरुवातीपासून हेच सांगत होत्या.

अपील करायचेच असे ठरवलेत, तर चौदा दिवसांच्या आतच करा; तेवढ्यात केले तर नकारानंतरही साठ पौंडांची सवलत बहुधा पुन्हा मिळते. पोपलापर्यंत जाऊन हरल्यास मात्र पूर्ण शंभर द्यावे लागतात. आयएलआरच्या नेमक्या शब्दांविषयी शंका राहिली तर इमिग्रेशनचे काम करणाऱ्या वकिलाला विचारा, आणि दाव्याचा कागद कधी हातात पडलाच तर त्याच आठवड्यात सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेकडे जा.

राहता राहिल्या आई. ब्लू बॅज स्थानिक कौन्सिल देते आणि त्यासाठी इथला रहिवास दाखवावा लागतो, त्यामुळे सहा महिन्यांच्या पाहुण्या म्हणून आलेल्या आईंना तो मिळेल अशी आशा धरू नका. पण त्यांची सोय बॅजवाचूनही होते. बहुतेक मोठ्या सुपरमार्केटमध्ये ग्राहकसेवेच्या खिडकीपाशी मागितल्यावर चाकांची खुर्ची मिळते. अनेक गावांत शॉपमोबिलिटीची केंद्रे आहेत, तिथे दिवसापुरती स्कूटर किंवा खुर्ची घेता येते. दारापाशी थांबून त्यांना उतरवा, आतल्या बाकावर बसवा, मग गाडी लांब लावून या.

‘माझ्यामुळे भुर्दंड’ हे त्यांचे पालुपद तोंडाने कितीही नाकारलेत तरी थांबणार नाही, कारण तुमच्या सांगण्यात दर वेळी त्यांचे गुडघे येतात. मेहुण्यांपुढे, मित्रांपुढे, मला लिहिलेल्या पत्रातसुद्धा आले. गाडी मी लावली, दूध मला हवे होते, असे एकदा सगळ्यांच्या देखत म्हणा. आणि येत्या शनिवारी देवळातून परतताना त्यांना गाडीत बसवून ठेवू नका. खुर्ची घ्या, आत न्या आणि कोथिंबिरीची जुडी त्यांनाच निवडू द्या; पाच मिनिटांच्या जागी पंचवीस लागतील.